उजव्या खांद्यावरचा पदर

ताई, आधी एवढं एकच सांग. चौदाव्या चित्रात सुमनचा पदर उजव्या खांद्यावर कसा आला?

बाकीचं मागाहून बोलू. तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. लोक भेटतात, म्हणतात, फार वाईट झालं, काय वय होतं पोरीचं. मी मान हलवतो आणि मनात तो पदर असतो. सख्ख्या नाही, पण सख्खीपेक्षा जवळच्या बहिणीच्या जाण्यानंतर माणसाला असलं काही सुचावं, हे बरोबर की चूक तेही मला कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पिंट्या, तुला चुका काढायचा रोगच हाय." आहेच. पण ही चूक मला काढता येईना, कारण ती चूक आहे की नाही तेच ठरेना.

हे मी आपल्या संगणकावरच्या खेळाच्या इंटरनेटच्या पानावर ठेवणार आहे. त्यामुळे तुला पाठ असलेल्या काही गोष्टी इतरांसाठी पुन्हा सांगाव्या लागतील. तू हवं तर जांभया दे.

अकरावीला मी नांदेडहून लातूरला डॉक्टरकीच्या क्लाससाठी आलो आणि मावशीकडे, म्हणजे तुमच्याकडे राहिलो. मावशी तेव्हा क्लासच्या पोरापोरींची मेस चालवायची. तू नुकतीच सासरहून कायमची परत आली होतीस आणि पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायला बसली होतीस. तुझ्या परत येण्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, म्हणून बोलायला दुसरं काहीतरी लागायचं. ते मी आणलं. माझ्या मोबाईलवर जपानी कार्टून असायचं. तुझ्या दोऱ्यांच्या डब्याला टेकवून मी मोबाईल उभा करायचो, खालच्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्यानं सांगायचो, आणि तू शिवता शिवता बघायचीस. "थांबव, थांबव, बाही लागू दे, मग लाव." ऐन रंगात आलं की तूच मशीन थांबवायचीस आणि आतून मावशी ओरडायची, "मशीन कामून बंद हाय गं?"

सगळ्या जगाला त्या पोरींचे मोठमोठे डोळे दिसतात. तुला कपडे दिसायचे. "हिची कॉलर मागं चौकोनी हाय बघ. वेगळी कापून लावल्याली हाय, निस्ती रंगवल्याली न्हाई." पुढच्या रविवारी तू ती शिवलीस. खलाशाच्या धाटणीची कॉलर, पुढे लाल रिबिनीची गाठ. ती घालून माझ्या वर्गातली एक मुलगी गॅदरिंगला गेली, तर सरांनी तिला विचारलं, बँडपथक कुठल्या शाळेचं आहे? आपण दोघं हसून हसून बेजार झालो. मी तुला म्हणालो, जपानमध्ये आपल्यासारख्यांना ओताकू म्हणतात, एकाच गोष्टीचं वेड घेऊन घरात बसलेली माणसं. तू दोरा दातानं तोडत म्हणालीस, "म्हंजे टेलर."

डॉक्टर काही मी झालो नाही. दोन वर्षांनी सामान बांधलं आणि नांदेडला परत निघालो, तेव्हा तू स्टँडवर सोडायला येशील असं मला वाटलं होतं. तू मशीनवरून उठलीसुद्धा नाहीस. "जा. पोचल्यावर फोन कर," एवढंच. त्याचा मला बरेच दिवस राग होता. तो मी तुला कधी सांगितला नाही, आणि आता हे सांगतोय तेही कुणाला सांगतोय, देव जाणे.

नांदेडला मी एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये लागलो आणि तिथे मला व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं खूळ लागलं. ते तुला फोनवर समजावताना माझी पुरती दमछाक झाली होती. समोर चित्र, खाली वाक्य, वाचत पुढे जायचं. मध्येच खेळ विचारतो, आता काय करणार, हे की ते? आपण जे निवडू तशी गोष्ट वळते. तू म्हणालीस, "म्हंजे वाचायचं बी आपुनच आन् निस्तरायचं बी आपुनच." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही.

ब्लाऊजांचे नमुने काढून तुझा हात बसलेला, म्हणून चित्रं तू काढायची आणि वाक्यं मी लिहायची, असं ठरलं. मला गणवेशातल्या शाळकरी पोरी हव्या होत्या. असले खेळ खेळणारे त्याच शोधत येतात. तुझं म्हणणं वेगळंच. "लातुरात तसली कोन हिंडती? मी मेसवाली बाई काढनार." पंधरा दिवस भांडण चाललं. शेवटी सुमन झाली. क्लासच्या पोरांची मेस चालवणारी, पस्तिशीची, ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, हातात वरणाची पळी. खेळणारा म्हणजे लातूरला नवीन आलेला विद्यार्थी. त्यानं सुमनशी खरं बोलायचं की थापा मारायच्या, मार्क सांगायचे की लपवायचे, यावर सगळी गोष्ट. सुमनवर प्रेमबीम करायची सोय त्यात नाही. ती ठेवा म्हणून पानावर दोघातिघांनी लिहिलं तेव्हा तू मला सांगितलंस, "त्यांना लिव्ह, जेवा आन् जावा." मी तसंच लिहिलं, आणि त्यांना ते फार आवडलं.

अशा खेळात माणूस एकदा काढून भागत नाही. माणूस तेच, साडी तीच, चेहरे वेगवेगळे लागतात. मी तुला चौदा चेहऱ्यांची यादी दिली. साधा, हसरा, रागाचा, लाजरा, काळजीचा, गोंधळलेला, असं करत करत शेवटचा, चौदावा, 'राग गेल्यावर'. त्यावर तू अडलीस. "राग गेल्यावरचा चेहरा कसला असतो रे? राग गेला की निस्ता चेहराच ऱ्हातो की." मी म्हणालो, नाही, वेगळा असतो. आदल्या दिवशी मावशी आपल्यावर खेकसलेली असायची आणि सकाळी काही न बोलता ताटात जास्तीची भाकरी टाकायची, तेव्हाचा आठव. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. त्यो शेवटी काढू."

दुपारी गिऱ्हाईक नसताना तू टॅबवर काढायचीस आणि मला पाठवायचीस. मी त्यावर लाल गोल करून परत पाठवायचो. इथे सहावं बोट आलंय, इथे कान वर सरकलाय. तुझं एकही चित्र माझ्याकडून लाल गोलाशिवाय परत गेलं नाही. तू त्याला 'मास्तरचं कुंकू' म्हणायचीस. एखादं चित्र नुसतं 'छान आहे' म्हणून परत पाठवलं असतं तर माझं काय जाणार होतं?

आणि शेवटाचं भांडण तर मिटलंच नाही. गोष्टीच्या शेवटी तो विद्यार्थी गाव सोडतो. जपानी गोष्टींत अशा वेळी गाडी सुटते, कुणीतरी फलाटावर धावत येतं, वारा वाहतो. मी लातूरच्या स्टँडचं चित्रसुद्धा तुझ्याकडून काढून घेतलं होतं. सुमन स्टँडवर येईल, असं मी लिहिलं. तू म्हणालीस, "ती कशाला यील? दुपारचा सैपाक कोन करंल? दारातूनच जा म्हनंल." मी म्हणालो, असा कोरडा निरोप कुणाला आवडेल? तू म्हणालीस, "कोरडा न्हाई त्यो. जाणाऱ्याकडं बघवत न्हाई म्हनून मान्स काम करत बसत्यात." तेव्हा मला ते सुमनबद्दल आहे असंच वाटलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊकच आहे.

आता त्या पदराचं. पात्रं पडद्यावर कधी डावीकडे उभी असतात, कधी उजवीकडे, आणि समोरच्याकडे बघून बोलतात. डावीकडची सुमन तू काढली होतीस. उजवीकडची वेगळी कोण काढत बसणार? एक ओळ लिहिली की संगणक चित्र उलटं फिरवून देतो. सगळे तेच करतात. मीही केलं आणि चाचणीसाठी खेळ तुला पाठवला.

अर्ध्या तासात तुझा फोन. "पिंट्या, सुमन डाव्या हातानं वाढायली."

"म्हणजे?"

"पदर उजव्या खांद्यावर गेलाय. चमकी दुसऱ्या नाकपुडीत. आन् लेकराच्या ताटात डाव्या हातानं वरन वाढायली. काय करायलास तू हे?"

मी म्हणालो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. गणवेशातल्या पोरी दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, म्हणून तिकडे हे खपून जातं. "तिकडं खपू दे. हितं मानूस आधी हात बघतंय," तू म्हणालीस. मग तू माझंच शिकवलेलं माझ्यावर उलटवलंस. मीच तुला एकदा सांगितलं होतं की जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात. परदेशात छापताना पूर्वी पानंच्या पानं उलटी करायचे. मग त्यातला जो तो डावखुरा व्हायचा आणि तिकडचे वेडे वाचक चिडायचे. "तवा तूच म्हनत हुतास, लई अन्याव हाय. आता तूच करायलास."

तुझं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला राग आला. पानावर तारीख जाहीर केलेली, माझी सुटी संपत आलेली, आणि तू म्हणत होतीस, चौदाच्या चौदा चेहरे उजव्या बाजूसाठी नव्यानं काढते, थोडं थांब. मी म्हणालो, "ताई, हा काय ब्लाऊज आहे का, डावी बाही वेगळी आणि उजवी वेगळी कापायला?"

तुझं मशीन थांबलं. मग म्हणालीस, "हाव. ब्लाऊजच हाय," आणि फोन ठेवलास.

महिनाभर आपण बोललो नाही. मी रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. ज्या कामावर तू पुन्हा उभी राहिलीस, त्याच कामाला मी हिणवलं होतं. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं. अख्ख्या खेळाची वाक्यं मी लिहिली, हे एक मला लिहिता आलं नाही.

मग एका दुपारी तुझं फोल्डर आलं. नाव 'उजवी'. सोबत तुझा आवाज, जरा बसलेला. "सगळे झाले. शेवटचं बघ आन् फोन कर." लॅबमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. मला वाटलं, आता टोमणे ऐकावे लागणार. मी फोल्डर उघडलं नाही. नुसता अंगठा पाठवला. मिळालं, बघतो, परीक्षा संपू दे, असं सगळं त्या अंगठ्यात मी माझ्यापुरतं भरलं होतं.

तुझ्या अंगात तेव्हा ताप होता हे मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला की तुला दवाखान्यात ठेवलंय, डेंगी निघाला. मी पोचलो तेव्हा तू काचेपलीकडे होतीस. पुढचं मला लिहायचं नाही.

ते फोल्डर मी उघडलं नवव्या दिवशी. दहाव्याचं सामान आणायला मंडळी बाजारात गेली होती, मी तुझ्या खोलीत एकटाच बसलो होतो. तेरा चेहरे चोख होते. पदर डाव्या खांद्यावर, पळी उजव्या हातात, नजर पडद्याच्या दुसऱ्या बाजूला. एकही उलटवलेला नाही. प्रत्येक निरी नव्यानं काढलेली. आणि चौदाव्या चित्रात पदर उजव्या खांद्यावर, पळी डाव्या हातात.

आधी वाटलं, थट्टा केलीस. घे तुझा उलटा पदर, म्हणून. मग वाटलं, थकलीस आणि शेवटचं एक माझ्यासारखं फिरवून टाकलंस, म्हणजे हार मानलीस. ते मला जास्त झोंबलं. म्हणून तुझं जुनं, डावीकडचं चौदावं चित्र काढून शेजारी लावलं, तर ते काही हे फिरवलेलं नव्हतं. हे चित्र नवीनच होतं. नाक थोडं वेगळं, हनुवटी वेगळी. आणि बाकीच्या सगळ्या सुमना बाजूला बघतात, ही सरळ माझ्याकडे बघत होती. मग तिसरी शंका आली की हा सापळा आहे. मास्तरला कळतं का बघू, म्हणून मुद्दाम ठेवलेला. आणि मास्तरनं तर न बघताच अंगठा दिला होता.

दुसऱ्या दिवशी मांजरा नदीच्या काठावर भाऊ म्हणून तुझं सगळं मीच केलं. गुरुजी म्हणाले, अपसव्य करा. मला कळलं नाही. त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, गेलेल्या माणसाचं करताना असं उलटं घ्यायचं असतं. ताई, मला ते चौदावं चित्र दिसलं. असल्या गोष्टी तू मानायची नाहीस, मीही मानत नाही. तरी त्यानंतर चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. तापात माणसाला काही कळतं का? कळलं तर ते मावसभावाला चित्रातून सांगतं का? हे मी कुणाला विचारणार होतो?

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मावशी म्हणाली, तिच्या खोलीतले ब्लाऊज बायकांना देऊन टाक, शिवलेले, न शिवलेले, सगळे. मी कापडांवरच्या चिठ्ठ्या वाचत गठ्ठे लावत होतो. मावशी दारात येऊन उभी राहिली. तिची नजर तुझ्या उंच आरशावर होती. तोच, ज्याच्यापुढे तू गिऱ्हाइकांना फिरून बघायला लावायचीस.

"ताप आल्याला, तरी ह्या आरशाम्होरं हुबी ऱ्हायची," मावशी म्हणाली. "माझी साडी नेसली व्हती. एरवी कदी साडीला हात लावत न्हाई पोरगी. हातात वरनाची पळी. म्या म्हनलं, ताप डोस्क्यात चढला का काय हिच्या. हुबी ऱ्हायची, सोताकडं बघायची, मग खाली बसून काढायची. पुन्ना उठायची."

"कधी, मावशी?"

"तुला धाडलं ना, त्याच्या आदल्या दिवशी."

मी आरशापुढे उभा राहिलो आणि उजवा हात वर केला. समोरच्यानं डावा केला.

इतकं सोपं होतं. आरशातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावरच दिसणार. तू जे दिसलं ते काढलंस. तेरा सुमना मावशीवरून काढल्यास, त्या तुला डोळे मिटून येत होत्या. चौदावी तू स्वतःवरून काढलीस. ते नाक तुझं, ती हनुवटी तुझी, आणि ती सरळ बघते कारण तू सरळ स्वतःकडे बघत होतीस. चौदावा म्हणजे कुठला चेहरा, ते मला तेव्हा आठवलं. 'राग गेल्यावर'. राग गेल्यावर माणूस कसं दिसतं ते बघायला तू अंगात ताप घेऊन मावशीची साडी नेसलीस आणि आरशात पाहिलंस.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो, ताई. अठरा दिवसांत तेवढं एकदाच.

पण गोंधळ संपला नाही, उलट वाढला. पाव इंचाचा फरक लांबून ओळखणारी तू, ज्या चुकीवरून माझ्याशी महिनाभर बोलली नाहीस नेमकी तीच चूक तू केलीस? की ताप होता म्हणून निसटली? की दिसली आणि राहू दिलीस? आणि गेलेला राग कुणाचा होता? सुमनचा त्या विद्यार्थ्यावरचा, की तुझा माझ्यावरचा? तू तर कलाकार माणूस. राग डोक्यात असतानाही गेल्याचा चेहरा तुला काढता आला असेल. हे सगळं एका फोनवर मिटलं असतं. "शेवटचं बघ आन् फोन कर." यात न कळण्यासारखं काय होतं?

मावशीला वाटलं मी तुझ्या आठवणीनं रडतोय. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नकोस. तुझा त्यो अंगठा आला तवा लई खूष झाली पोरगी. मला आणून दाखिवला. म्हनली, माय, पैल्यांदाच पिंट्यानं लाल गोल केला न्हाई. सगळंच्या सगळं पास झालं."

मी मावशीला खरं सांगितलं नाही. तू सुखानं झोपलीस ती माझ्या एका खोट्या अंगठ्यावर. ते खोटं होतं हे सांगून मावशीचं काय भलं होणार? आणि न सांगता मी तिच्या हातची भाकरी कशी खाऊ? आपल्या खेळात अशा ठिकाणी आपण दोन पर्याय ठेवतो आणि खेळणाऱ्याला म्हणतो, निवड. निवडणारा किती वेळ घेतो ते आपल्याला कधी दिसत नाही. मी त्या दिवशी काहीच निवडलं नाही. गठ्ठे बांधले, संध्याकाळच्या बसनं नांदेडला आलो. मावशी निरोपाला दारापर्यंतही आली नाही. ओट्याजवळूनच म्हणाली, "जा, पोचल्यावर फोन कर." तेव्हा मला कुठे कळलं की तू हे कुणाकडून शिकली होतीस, आणि मी त्या स्टँडच्या शेवटावर रेघ मारली. सुमन कुठे जात नाही. ती दारातूनच निरोप देते. तेवढं एक भांडण तू जिंकलीस.

राहता राहिलं चौदावं चित्र. ते आहे तसं ठेवलं तर तुला तू जशी दिसायचीस तशी राहशील, आणि खेळणारे म्हणतील, बाई डाव्या हातानं वाढते. दोन दिवस मी ते नुसतं बघत राहिलो. मग त्याच्यापुढे तीच ओळ लिहिली, जिच्यावरून आपलं बिनसलं होतं. चित्र उलटं कर. सबंध खेळातून मी ती ओळ काढून टाकली आहे, आता एवढ्या एका ठिकाणी उरली आहे.

चित्र फिरलं. पदर डाव्या खांद्यावर आला, पळी उजव्या हातात आली. क्लासवरून आल्यावर पाटावर बसलो की समोर तू वाढायला उभी असायचीस, साडी सोडली तर अगदी तशी. मी लाल गोल करायला जागा शोधली. सवयच आहे ना. नाही सापडली.

तुझा फोन मावशी अजून चालू ठेवते, रोज चार्ज करते. तुझे आलेले मेसेज ती एकेक अक्षर लावत वाचते, मला माहीत आहे. काल मी तुझ्या नंबरावर, त्या अंगठ्याच्या खाली लिहिलं, "ताई, तेव्हा बघितलं नव्हतं. आत्ता बघितलं. चुकलो." मग उद्या मावशीकडे यायची सुटी टाकली.